ढग कापसाचा, ढग डेटाचा

लोअर परळच्या टॉवरमध्ये बसून तुम्ही ज्या ‘क्लाउड’वर दिवसभर काम करता, तोच आता कारखान्यातल्या कामगाराची छाती वाचवायला निघालाय. आयडिया सॉलिड आहे. पण अलार्म वाजला, तर तो ऐकणार कोण?

सोमवार सकाळ. लोअर परळला गाडीतून स्वतःला कसंबसं बाहेर खेचायचं, पुलावरच्या गर्दीसोबत वाहत जायचं, टपरीवर कटिंग मारायचा, गळ्यातलं कार्ड मशीनला दाखवायचं आणि लिफ्टच्या लायनीत उभं राहून ग्रुपवर टाकायचं, ‘मंडे ब्लूज यार!’ खाली पाच-सहा रडके स्मायली येतात. दुपारपर्यंत सगळं नॉर्मल.

याच लोअर परळमध्ये, याच गिरण्यांच्या आवारात, पन्नास-साठ वर्षांपूर्वीही सोमवारी लोकांना त्रास व्हायचा. त्यांचे ब्लूज छातीत असायचे. रविवारची सुट्टी घेऊन माणूस खात्यात परतला की काही तासांत छाती आवळून यायची. कोरडा खोकला, धाप. मंगळवारी जरा बरं, बुधवारी आणखी बरं, शनिवारी तर काही झालंच नव्हतं असं वाटायचं. मग पुन्हा रविवार आणि पुन्हा तोच सोमवार. डॉक्टरी भाषेत याला ‘बिसिनोसिस’ म्हणतात. कापसाच्या धुळीने होणारा फुप्फुसाचा आजार. इंग्रजीतलं त्याचं टोपणनाव ‘मंडे फीवर’.

गंमत (खरं तर गंमत कसली!) अशी, की हा सोमवार दिसायला आधी रविवार मिळावा लागतो. मुंबईच्या गिरणी कामगारांना तो मिळवून दिला नारायण मेघाजी लोखंडे यांनी. १८८४ मध्ये त्यांनी बॉम्बे मिल हॅण्ड्स असोसिएशन काढली आणि १० जून १८९० ला गिरणीमालकांनी आठवड्याची सुट्टी मान्य केली. तुमच्या वीकेण्डचे पणजोबाच म्हणा ना त्यांना!

आजोबांचा सोमवार

माझे आजोबा लालबागच्या एका गिरणीत कार्डिंग खात्यात होते. कापसाच्या गाठी फोडायच्या, कापूस झोडपायचा, मग तो विंचरून त्याचे पेळू काढायचे. विंचरायचं काम या खात्यात. सगळ्यात जास्त तूस उडायची तीही इथेच. आजोबा सांगायचे, पाळी सुरू झाली की पलीकडच्या मशीनवरचा माणूस धूसर दिसायला लागायचा. ढगात उभं राहिल्यासारखं. घरी आले की आजी त्यांना चाळीच्या गॅलरीतच थांबवायची, सदरा झटकायला लावायची, मगच आत घ्यायची. भुवया पांढऱ्या, कानावरचे केस पांढरे. खिशात गुळाचा खडा. गूळ खाल्ला की घशातला कापूस खाली उतरतो, असा अख्ख्या गिरणगावाचा विश्वास. फुप्फुसात गेलेल्या धुळीला गुळाशी काही देणंघेणं नसतं, हे त्यांना कुणी सांगितलं नाही.

पन्नाशीतच जिना चढताना त्यांना मधल्या मजल्यावर थांबावं लागायचं. केसपेपरवर ‘दमा’ लिहिलं गेलं आणि विडी सोडा असा सल्ला मिळाला. आजोबांनी आयुष्यात विडी ओढली नव्हती. (तंबाखू मळायचे, ती गोष्ट वेगळी.)

बिसिनोसिस कायद्याच्या यादीत होता बरं का. कारखाने अधिनियमात तो सरकारला कळवायलाच हव्यात अशा आजारांमध्ये होता आणि कामगार राज्य विमा कायद्यात भरपाईच्या यादीतही. पण भरपाई हवी तर सिद्ध करा. कुठल्या खात्यात किती वर्षं होतात? तिथे हवेत धूळ किती होती? श्वास कधीपासून कमी झाला? आजोबांकडे एक पितळी बिल्ला होता आणि पगाराच्या जुन्या चिठ्ठ्या होत्या. धुळीचा आकडा कुणी कधी मोजला असलाच, तर तो ऑफिसच्या कपाटात. शिवाय इन्स्पेक्टर येणार त्या दिवशी खातं असं लख्ख व्हायचं, की कामगारांनाच आपण भलत्या गिरणीत आलो की काय असं वाटायचं.

डॉक्टरांना हे कळलंच नव्हतं, असंही नाही. गिरण्यांच्या गराड्यातच परळचं के.ई.एम. हॉस्पिटल. तिथल्या डॉ. एस. आर. कामत आणि सहकाऱ्यांनी सूतगिरणी कामगारांचा पाच वर्षं पाठपुरावा केला. बिसिनोसिस कुठला आणि साधा जुनाट श्वसनविकार कुठला, हे वेगळं कसं ओळखायचं, हा प्रश्न. त्यांचा निबंध अमेरिकन जर्नलमध्ये छापून आला तो १९८१ मध्ये. त्यानंतर थोड्याच महिन्यांत, १८ जानेवारी १९८२ ला, डॉ. दत्ता सामंतांच्या मागे सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. पुढे एकेक गिरणी बंद पडत गेली आणि आजार ज्यात शोधायचा ती खातीच राहिली नाहीत. माणसं राहिली, चाळीत, खोकत.

विदर्भातला पिवळा ठिपका

काही महिन्यांपूर्वी एका मित्राने डेमोला बोलावलं. ऑफिस अर्थातच एका जुन्या गिरणीच्या आवारात. खाली कॉफी शॉप, वर काचेचे मजले. त्याची कंपनी कारखान्यांना सेफ्टीचं सॉफ्टवेअर विकते. भिंतीभर स्क्रीन आणि त्यावर विदर्भातल्या एका सूतगिरणीचा नकाशा. ब्लोरूम, कार्डिंग, रिंगफ्रेम. प्रत्येक खात्यावर हिरवे ठिपके. आम्ही बघत असतानाच कार्डिंगवरचा ठिपका पिवळा झाला.

‘बघ, लाइव्ह आहे!’ मित्र खूश.

मी बघतच राहिलो. लालबागमधून गेलेला ढग कुठे गेला, असा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. तो इथे होता, शेकडो किलोमीटरवर, आणि पुन्हा गिरणीच्याच जमिनीवरून कुणीतरी त्याच्याकडे बघत होतं.

फंडा सोपा आहे. खात्यात छोटे सेन्सर बसवायचे. आतल्या लेझरच्या उजेडात धुळीचे कण चमकतात आणि त्यावरून हवेत धूळ किती, याचा अंदाज येतो. हा आकडा दर मिनिटाला खात्याबाहेरच्या एका डब्याकडे जातो, तिथून इंटरनेटने क्लाउडवर. क्लाउड म्हणजे आभाळात काही नाही. दुसऱ्याच्या इमारतीतले कॉम्प्युटर. ॲमेझॉनने २०१६ मध्ये आणि गूगलने २०१७ मध्ये आपली क्लाउड केंद्रं मुंबईत सुरू केली. ऐरोली-रबाळे-महापे पट्ट्यात गेलात तर असे बिनखिडक्यांचे डेटा सेंटर रांगेने दिसतील, केमिकल कंपन्यांच्या शेजारी-शेजारी. तिथे आकडे साठतात, हद्द ओलांडली की संबंधितांच्या मोबाइलवर मेसेज जातो.

पूर्वी काय करायचे माहितीय? व्हर्टिकल एल्युट्रिएटर नावाचं एक उभं नळकांडं खात्यात ठेवायचं. ते कित्येक तास हवा ओढणार. मग आतला फिल्टर लॅबमध्ये नेऊन वजन करायचं. अमेरिकेने १९७८ मध्ये कापसाच्या धुळीची मर्यादा ठरवली, सूत काढणाऱ्या खात्यांसाठी एका घनमीटर हवेत २०० मायक्रोग्रॅम, ती याच पद्धतीच्या मापावर. म्हणजे एका पाळीचा एक आकडा, तोही वर्षातून एखाद-दोनदा. आता मिनिटाला एक. (पण एकदम भुलू नका. सुताला तुटू न देण्यासाठी गिरणीत हवा मुद्दाम दमट ठेवतात आणि लेझरवाल्या स्वस्त सेन्सरला पाण्याचा थेंबही धूळच वाटतो. अधूनमधून जुन्या पद्धतीने पडताळावं लागतं. मित्राने हे स्वतःहून सांगितलं, म्हणून त्याच्यावर माझा विश्वास बसला.)

मला आवडला तो पुढचा भाग. त्याच सिस्टीमला फुंकणीसारखं एक यंत्र जोडता येतं, स्पायरोमीटर. पूर्ण श्वास घेऊन जोरात फुंकायचं, पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडली ते कळतं. सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी पाळीच्या आधी एकदा, पाळी संपताना एकदा. बिसिनोसिस असेल तर संध्याकाळचा आकडा सकाळपेक्षा घसरतो. एका सोमवारचा आकडा काही सांगत नाही. सर्दी असेल, नीट फुंकलं नसेल. पण वीस सोमवार एकाखाली एक ठेवले की करवतीसारखा आलेख दिसायला लागतो. बिसिनोसिसच्या पायऱ्या असतात. आधी कधीतरी एखाद्या सोमवारी, मग दर सोमवारी, मग इतर दिवशीही आणि शेवटी फुप्फुस कायमचं जायबंदी. सुरुवातीच्या पायरीवर माणसाला धुळीतून बाहेर काढलं तर तो पुष्कळसा सावरतो. आजोबांना एवढंच हवं होतं: कुणीतरी त्यांचे वीस सोमवार लक्षात ठेवायला हवे होते. माणसाने नाही ठेवले तर मशीनने ठेवावेत, माझी काही हरकत नाही.

मग मी विचारलं, ‘हा पिवळा अलर्ट आत्ता कुणाकुणाला गेला?’

‘प्लॅण्ट हेड, सेफ्टी ऑफिसर आणि इथे हेड ऑफिसला.’

‘आणि त्या मशीनवर जो उभा आहे त्याला?’

मित्राने कपाळ खाजवलं. ‘ते फेज टूमध्ये आहे.’

सायरन होते, वाजवले नाहीत

फेज टू किती महत्त्वाची, हे विशाखापट्टणमला विचारा. ७ मे २०२०, लॉकडाउनमधली पहाट. एलजी पॉलिमर्सच्या टाकीतून स्टायरीनची वाफ सुटली आणि शेजारच्या वस्तीत झोपलेली माणसं गुदमरली. १२ जणांचा जीव गेला. नंतर सरकारी उच्चाधिकार समितीने जे शोधून काढलं ते वाचून डोकं फिरतं. टाकीचं तापमान मोजलं जात होतं ते फक्त तळाशी. वरचे थर तापत गेले, तिथे मोजायला काही नव्हतंच. तळाचा आकडा बघणाऱ्याला सगळं ठीक दिसत होतं. आणि सायरन? कारखान्यात ते वाजवण्याची सोय ३६ ठिकाणी होती. ते वाजवले गेले नाहीत.

या दोन गोष्टींतली पहिली क्लाउडवाल्यांच्या हातातली. सेन्सर चुकीच्या जागी असेल तर तो चुकीची खात्री देतो, मग डॅशबोर्ड कितीही चकाचक असू द्या. दुसरी गोष्ट सॉफ्टवेअरने अर्धीच सुटते. आकडा हद्दीबाहेर गेला की भोंगा आपोआप वाजेल, असं करता येतं. पण उत्पादन थांबवायचा अधिकार कुणाला? कार्डिंगवरच्या माणसाने पिवळा ठिपका बघून मशीन बंद केली, तर त्याला शाबासकी मिळणार की मेमो? डोंबिवलीहून येणाऱ्या वाचकांना हे जास्त समजावायला नको. २६ मे २०१६ आणि २३ मे २०२४, दोन्ही दिवशी एमआयडीसीत स्फोट झाले, दोन्ही वेळा दहाहून जास्त माणसं गेली आणि आसपासच्या घरांना पहिली बातमी मिळाली ती खिडकीच्या काचा फुटल्याची.

आणि नेट गेलं तर? १२ ऑक्टोबर २०२० ला अख्ख्या मुंबईची वीज गेली होती, आठवतं? १९ जुलै २०२४ च्या शुक्रवारी एका बिघडलेल्या अपडेटने जगभरातले विंडोज कॉम्प्युटर निळे पडले, तुमच्यातल्या कित्येकांनी त्या दिवशी ऑफिसात नुसत्या गप्पा मारल्या असतील. कारखान्याला ती चैन नाही. धोक्याची घंटा क्लाउडवर जाऊन परत यायची वाट बघता कामा नये, ती जागच्या जागी वाजायला हवी. क्लाउडचं काम लक्षात ठेवायचं.

याचा चांगला नमुना तुमच्या पायाखाली आहे. गिरगाव चौपाटी ते प्रियदर्शनी पार्कचा कोस्टल रोडचा जुळा बोगदा ‘मावळा’ नावाच्या १२.१९ मीटर व्यासाच्या मशीनने खोदला. एक बोगदा जानेवारी २०२२ मध्ये आरपार झाला, दुसरा मे २०२३ मध्ये. अशा बोगदा खोदणाऱ्या मशीनवर ऑक्सिजन आणि ज्वालाग्राही वायू मोजणारे सेन्सर असतात, वायू ठरावीक पातळीपुढे गेला की तिथल्या तिथे इशारा होतो, वीज तुटते. वर नियंत्रण कक्षात आकडे जातात ते नोंदीसाठी, अंदाजासाठी. आणि आत किती माणसं आहेत ते कळायला तोंडाशी बोर्ड असतो. जाताना टोकन लावा, येताना काढा. आता कार्ड आलं, पण तत्त्व तेच.

बोर्डावर नाव नसलेले

या ‘आत किती माणसं’मध्येच खरी मेख आहे. गिरणीत ‘बदली’ कामगार असायचे. रोज सकाळी गेटवर उभं राहायचं, कुणी गैरहजर असला तर आत. आज कार्डिंग, उद्या लूम, परवा घरी. असल्या माणसाच्या छातीत किती धूळ गेली, ते कोण कुठल्या खात्यावर लिहिणार? आज त्याला कंत्राटी म्हणतात. सेन्सर हेल्मेटमध्ये असो की बिल्ल्यात, तो कायम कामगाराला मिळतो. कंत्राटदाराची पोरं बहुतेकदा कालचं हेल्मेट घालून येतात. डॅशबोर्डवर त्यांचा ठिपका नसतो. मग रिपोर्ट हिरवागार येतो आणि तो खोटाही नसतो.

छोट्या जागांचं तर विचारूच नका. गिरगावातून चालत काळबादेवी-भुलेश्वरला जा. जुन्या इमारतींच्या पोटमाळ्यांवर सोनं वितळवणारे कारागीर, ॲसिडची वाफ, बाजूला गॅसचा सिलिंडर, खिडकी असली तर असली. भिवंडी, इचलकरंजी, मालेगावचे यंत्रमाग घ्या. २१ नोव्हेंबर २०२५ पासून कारखाने अधिनियमाची जागा नव्या कामगार संहितेने घेतली. तिच्यात विजेवर चालणाऱ्या कारखान्यासाठी साधारणपणे किमान २० कामगार लागतात. जुन्या केंद्रीय कायद्यात हा आकडा १० होता. रजिस्टर कॉम्प्युटरवर ठेवायला मोकळीक आहे, वर्षातून एकदा मोफत तपासणीची तरतूद आहे, चांगलंच आहे. पण एकोणीस जणांच्या शेडमध्ये कोण काय मोजणार? सेन्सर आता काही हजारांत मिळतो. परवडत नाही, हे कारण राहिलेलं नाही.

मोजायला लागले की दुसरं टोकही येतं. जो कॅमेरा हेल्मेट घातलंय का बघतो, तोच बाथरूमला किती वेळ लागला तेही बघू शकतो. तुमच्या लॅपटॉपवर ॲक्टिव्हिटी ट्रॅकर बसवला तेव्हा तुम्ही काय केलं होतं? माउस हलवत बसलात. कामगारही तेच करणार, बिल्ला खुंटीला टांगून चहाला जाणार. आकडा आपल्या बाजूने आहे असं वाटलं, तरच तो बिल्ला छातीवर राहील. त्यासाठी त्याचा आकडा आधी त्याला दिसायला हवा, त्याच्या भाषेत, त्याच्या फोनवर. नोकरी सोडताना पीएफच्या कागदांसोबत श्वासाचा रेकॉर्डही हातात मिळायला हवा. आजोबांना तो मिळाला असता तर केसपेपरवर ‘दमा’ राहिलं नसतं.

आणि हो, हे सगळं ‘त्यांच्या’बद्दल आहे असं समजून पान उलटू नका. कमला मिल्समध्ये २९ डिसेंबर २०१७ च्या रात्री लागलेल्या आगीत १४ जण गेले. पार्टीला आलेले, बरेचसे तुमच्याच वयाचे. दरवर्षी ४ मार्चला सुरक्षा दिनाची शपथ घेऊन ग्रुप फोटो काढताना एकदा आपल्या मजल्यावरचा मागचा जिना उघडून बघा. आमच्या मजल्यावर तिथे वॉटर कूलरचे रिकामे जार रचलेले होते. मी मेल टाकली, दोन दिवसांत हलवले. क्लाउड लागला नाही.

परवा मित्राचा फोन आला. फेज टू मंजूर झाली म्हणे. कार्डिंग खात्यात भिंतीवर मोठा बोर्ड लागणार, धुळीचा आकडा मराठीत आणि हिंदीत, हद्द ओलांडली की लाल दिवा. मी म्हटलं, पार्टी दे!

‘थांब रे,’ तो म्हणाला, ‘क्लायंट म्हणतोय बोर्ड लावू, पण मॅनेजरच्या केबिनमध्ये. अजून बोलणी चालू आहेत.’